सात नंबरचा बापू

माकडांच्या कॅम्पावर नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. चहा आला की आपोआप निघतात, आणि आतून बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!"

साठच्या दशकात जळगाव जामोदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा कॅम्प होता. व्हायरसच्या तापातून उठलेली माकडं वर्षानुवर्षं सांभाळायची आणि ताप गेल्यावर अंगात काय मागे राहतं ते बघायचं. डॉक्टर पुण्याचे, पिंजऱ्यांवर गावचे नारायणभाऊ, रक्त तपासायला मी.

*

पुण्याच्या मोठ्या साहेबांचा नियम कडक: माकडांना नावं द्यायची नाहीत, नंबरच! माया लागते म्हणे. नारायणभाऊ सात नंबरला 'बापू' म्हणायचे. डॉक्टर रागावले, तर म्हणाले, "सात नंबर म्हनलं का तो पाठ फिरवते साहेब, मी काय करू?"

पुढे बापूने खाणं सोडलं. पिंजऱ्यापाशी कोणीतरी लाडीगोडी लावत होतं, "बापू, एकच घास, माझ्यासाठी!"

जाऊन बघतो तर डॉक्टर!

*

दर रविवारी सगळ्या माकडांचं वजन वाढलेलं. तापाचा असा परिणाम कोणी ऐकला नव्हता, डॉक्टर हरखून गेले. शेवटी एका शनिवारी आम्ही लपून बसलो. मारुतीचं दर्शन घेऊन बाया थेट पिंजऱ्यांकडे आल्या आणि फुटाणे वाटायला लागल्या! डॉक्टर ओरडले, तर एक म्हातारी म्हणाली, "मारुतीले हार, आन त्याच्या गोतावळ्याले उपास? काऊन जी?"

*

तापानंतर बापूचा उजवा हात थरथरायचा. शेंग फोडताना दाणे सांडायचे, म्हणून नारायणभाऊच फोडून द्यायचे.

"अहो, त्यालाच फोडू द्या! तेच तर बघायचंय!"

"पाहा ना साहेब. मी फोडून राह्यलो, तुमी पाहून राह्यले!"

*

मग हुकूम आला. कॅम्प बंद, माकड संपवा, मेंदू पुण्याला पाठवा. तोवर एकटा बापूच उरला होता, आणि त्याच्या रक्तातून विषाणू केव्हाच नाहीसा झाला होता. नारायणभाऊंनी जेवण सोडलं.

आमच्याकडे माकड गेलं की गाव भजन म्हणत त्याला पुरतं. डॉक्टरांनी कळवलं, "सात नंबर वारला. गावाने पुरला."

मोठे साहेब खात्री करायला स्वतः आले. नारायणभाऊंनी मारुतीमागची समाधी दाखवली. शेंदूर, हार, सगळं जागच्या जागी. साहेबांनी बूट काढले, नारळ फोडला.

वरच्या पिंपळावरून एक हात खाली आला. थरथरत.

आम्ही तिघेही मारुतीकडे बघायला लागलो.

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग खोबऱ्याचा तुकडा तळव्यावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"नाव काय हो याचं?"

"नाई जी," नारायणभाऊ म्हणाले, "नावं द्याची तुमचीच मनाई हाय ना!"