कादंबरीतली रागीट पोर

मुलुंडला मी शिकवतो त्या रविवारच्या बी.ए.च्या वर्गात पहिल्या बाकावर एक मावशी बसतात. वय साठीच्या आसपास. आठवडाभर पोळीभाजी केंद्र चालवतात आणि वाचताना पुस्तकाशी मोठ्याने भांडतात. अभ्यासाला लावलेल्या कादंबरीतली आठ वर्षांची मुलगी पानापानावर आदळआपट करते. मावशी पुस्तकावर बोट आपटून तिला दटावायच्या, "अगो बाय, पुरे की आता!" वर्ग हसायचा. मीही हसायचो.

चाचणीत मी त्या मुलीच्या रागीटपणाची कारणं विचारली. बाकीच्यांनी माझ्याच नोट्समधलं बालमन, एकाकीपण वगैरे उतरवलं. मावशींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'मुलगी रागीट नाही, उपाशी आहे. तिसऱ्या प्रकरणात तिने ताट भिरकावलं, त्यानंतर तिला कोणी जेवायला वाढलेलंच नाही.'

ही कादंबरी मी नऊ वर्षं शिकवतोय. घरी जाऊन पानन् पान तपासलं. खरंच, सगळे तिला समजावत होते, पण वाढत कोणीच नव्हतं.

मी पैकीच्या पैकी मार्क दिले. पेपर हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "मार्क राहू देत हो सर. आधी त्या लेखकाला फोन लावा ना."