प्लेअरचं झबलं

लग्न होऊन कुंडलला आले तेव्हा कळलं, की या घरात उघडं काही ठेवत नाहीत. टीव्हीला झबलं, मिक्सरला झबलं, रिमोटलासुद्धा. सासूबाईंच्या शिलाई मशीनसमोर जास्त वेळ उभं राहायचीही मला भीती वाटायची.

आमची जर्सी गाय आमच्याच लग्नातल्या सनईवर दूध द्यायची. चेष्टा नाही. नवऱ्याने ती सनई लग्नाच्या सीडीतून कॉम्प्युटरवर घेतली, छोट्या प्लेअरमध्ये भरली, प्लेअर गोठ्यात टांगला आणि तो पलटणीत परत गेला. गाईला अशी सवय लागली, की सनईशिवाय पान्हा सोडेना. एका सकाळी तिनेच शेपटीच्या फटक्याने प्लेअर पाण्याच्या बादलीत पाडला. संपला विषय.

सासऱ्यांनी दुपारपर्यंत सांगलीहून नवा आणला. त्यात सनई भरायला कॉम्प्युटर येणारी घरात मी एकटी. जोडला. लाल दिवा लागला, पण कॉम्प्युटर काही त्याला ओळख देईना. बंद करून चालू केला, वायर बदलली, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. दिवा लागतोय म्हणजे पिन नीट बसलीय असं धरून मी कॉम्प्युटरलाच शिव्या घालत होते. नवऱ्याचा फोन लागला असता तर त्यालाही घातल्या असत्या.

तिकडे गाईची कास तटतटलेली, हात लावला की लाथ. सासरे दारात येऊन म्हणाले, "पोरी, दगडी हुईल गं तिला, कास सुजून कामातनं जाईल. त्यो कॉम्प्युटरच उचलून नेऊ का?" ते खरंच वाकले. मळ्यातल्या गोठ्यात दिवसा वीज नसते, हे आठवल्यावर थांबले.

मग माझ्या बोटाला ते लागलं. नव्या प्लेअरलाही सासूबाईंनी आल्याआल्या खणाचं झबलं चढवलं होतं, शेणाधुळीचं नको म्हणून. त्याची जाड दुमड वायरच्या भोकाच्या कडेवर येत होती. पिन अर्धीच आत जायची, दिव्यापुरती. कळलं, पण बोलू कशी? नव्या सुनेने सासूच्या शिवणीत खोट काढायची? दुमड बोटाने मागे ढकलत राहिले, ती पुढे येत राहिली. शेवटी म्हणाले, "आत्या, झबल्यामुळं अडतंय."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ब्लेड घेतलं आणि शिवण टराटरा उसवली. "आगं, मग सांगायचं न्हाई व्हय? जित्राब कळा सोसतंय तिकडं."

पिन टक्कन बसली. कॉम्प्युटरवर प्लेअर दिसला तेव्हा कुठे मी खुर्चीला पाठ टेकली.

गोठ्यात सनई लागली. गाय कान हलवून शांत झाली. सासूबाई कासेशी बसल्या आणि पहिली धार बादलीत वाजली. सासरे मटकन पेंडीच्या पोत्यावर बसले. मला एवढं हलकं वाटलं, की मी रडायलाच लागले.

सासूबाई धार काढता काढता म्हणाल्या, "उद्या पिनंला काज करती झबल्याला. आन् काय खुपलं तर लगीच बोलत जा. ती मुकी हाय, तू न्हाईस."

"व्हय आत्या," मी म्हणाले. त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने.