मोटारसायकल परत गेली

सावद्यात केळी पॅकिंगच्या कामात सुगंधाबाईंच्या टोळीचं नाव आहे. घडावरून कापलेली फणी त्या चीक निघेपर्यंत हौदात ठेवतात, निथळू देतात, मगच खोक्यात भरतात. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. बोली अजून अहिराणीच.

व्यापारी श्रेयांस शेठनी यंदा ही टोळी बंद केली आणि ठेकेदाराकडून बायका आणल्या. त्यांचा हात भराभर चालायचा, चीक निथळायची वाट कोणी पाहायचं नाही. थोड्याच दिवसांत दिल्लीहून काळ्या डागांच्या तक्रारी आल्या आणि एका सकाळी शेठचे दिवाणजी झुलालभाऊ सुगंधाबाईंच्या दारात मोटारसायकल घेऊन उभे राहिले.

"बसा, अक्का. शेठनं बोलावलंय."

"फटफटीवर?"

"मग काय विमान आणू?"

टोळी न्यायची तर मालकाची पिकअप येते. सगळ्या चढल्या की हलते, हा इथला रिवाज. मोटारसायकलवर एकच जण बसतो, हे गल्लीला सांगावं लागलं नाही. टोळीतल्या मेघा आणि बेबाबाई समोरच्या ओट्यावरून पाहत होत्या. सुगंधाबाई एकट्या गेल्या असत्या, तर ती टोळी त्यांची उरली नसती.

त्या बसेनात, तेव्हा झुलालभाऊंनी फोन लावून दिला. पलीकडे शेठची बहीण रूपल. ऑफिस तीच पाहते.

"मावशी, तुम्हाला रीहायर केलंय."

"ते काय शे?"

"हायर म्हणजे मजुरी देऊन कामावर घेणं. जुन्या इंग्रजीत तो मजुरीचाच शब्द होता. सुरुवातीचा 'री' लॅटिनमधून आला, म्हणजे पुन्हा. आधी कामावर असलेल्याला परत घेतलं, की रीहायर."

"मंग मेघाले बी करा, बेबाबाईले बी करा. काढं तवय बठ्ठास्ले काढं. आते माले एकलीलेच का बरं बलावतस?"

"सगळ्यांना काढलं होतं, खरंय. बाकीच्यांचं दादाला विचारते."

"इचारा. आम्ही बठ्ठ्या आठेच शेतस."

सगळ्या इथंच आहेत, हे ऐकवून त्यांनी फोन परत दिला. झुलालभाऊंनी पुढ्यात आलेला चहा संपवला. "अक्का, शेठ मला फाडून खातील."

"सांगा, मांगली सीट ल्हानी व्हती."

मोटारसायकल रिकामीच परत गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच गल्लीच्या तोंडाशी पिकअप लागली. मेघा चढली, बेबाबाई चढली, मागोमाग सगळ्याच. ड्रायव्हरनं सुगंधाबाईंसाठी पुढचं दार उघडलं. त्यांनी ते लोटून लावलं, मागं चढल्या आणि पत्र्यावर थाप मारली.

"चाल रे."