भर वैशाखात हीटर

माझ्या व्याह्यांइतका हवेचा कट्टर शत्रू भारतीय संघराज्याच्या हद्दीत दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे. ही हवा श्वासातली नव्हे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी भरताना जी नळ्यांत अडकून बसते, पाण्याची वाट रोखते आणि इंजिन तापवते, ती. विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ अमरावतीत माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतात. माझ्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी बायका रडून थकल्या, दुसऱ्यांदा रडल्या, तरी वरपिता बॉनेटखाली वाकलेलेच. "एक बुडबुडा रायला," एवढेच ते म्हणाले. मोझरीला समाधीच्या दर्शनाला गेलो असता इंजिन निवेपर्यंत ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले; येणारेजाणारे, दर्शन इथेच आहे की काय, अशा मुद्रेने थबकत. नळाचे पाणी त्यांच्या गाडीला वर्ज्य. "खाऱ्या पान्यानं मानसाले मुतखडा होते, मंग रेडिएटरले कावून नाई होनार?" हा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. त्यामुळे डिकीत डिस्टिल्ड वॉटरचे चार कॅन, हिरव्या कूलंटच्या बाटल्या, सुटे होजपाइप, आणि त्या साऱ्याखाली कोठेतरी पाहुण्यांच्या बॅगा.

मी आयुष्यभर वकिली केली. महापालिका असो, वीजवाले असोत वा टपालखाते, ज्याने म्हणून माझी गैरसोय केली त्याला लेखी जाब विचारल्यावाचून मी सोडलेले नाही. परंतु मुलीच्या सासऱ्याला नोटीस कशी बजावावी, याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. सबब इतक्या वर्षांचा संताप मी गिळून होतो. तो बाहेर पडला गेल्या वैशाखात, मूर्तिजापूरच्या अलीकडे, भर रस्त्यावर.

माझ्या मुलीच्या पोटात गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस अचानक अलीकडे ओढला आणि सकाळीच तिचा फोन आला. "चार वाजता आत नेणार आहेत. बाबा, तुम्हाला बघितल्याशिवाय मला नाही जायचं." जावई तिच्यापाशीच होते, दोन्हीकडच्या बायकाही आधीच पोहोचल्या होत्या. बडनेऱ्याहून सुटणारी आगगाडी चुकली होती. व्याही आपली जुनी मोटार घेऊन दारात हजर झाले, आणि नाही म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

पावणेदोनच्या सुमारास बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. वरचा होजपाइप फाटला होता. व्याह्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन निवण्याची वाट पाहत ते बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले. अर्धा तास! तेवढ्यात मी तीन एसटी बसना हात केला. एकही थांबली नाही. तिन्हींचे क्रमांक मी टिपून घेतले. शेजारच्या शेतातून एक बाई पाण्याची घागर घेऊन आली. "घ्या ना बाबाजी, टाका गाडीत."

"माय, खारं हाये ना हे," असे म्हणून व्याह्यांनी त्यातले दोन पेले स्वतः प्यायले. गाडीला एक थेंब दिला नाही.

नवा पाइप बसला. मग कॅनमधले पाणी आणि कूलंट, संथ धारेने, जणू अभिषेक. अडीच वाजत आले होते. मी म्हणालो, "झाले भरून, आता निघू या."

"अजून हवा काहाडाची हाये, इवाईबुवा. तुमी आत बसा अन् हीटर फुल करा."

"हीटर?"

"हीटरच्या नळीतबी हवा रायते. थे निघाली नाई तं अकोला काई दिसत नाई आपल्याले."

बाहेर पंचेचाळीस अंश. आत इंजिन सुरू, आणि तोंडावर भट्टीचा झोत. काचेपलीकडे ते वाकून हवा काढण्याचा बारीक स्क्रू सैल करत होते. पेचकस दोनदा खाचेतून निसटला. स्क्रूपाशी फसफसत बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. मी घड्याळ पाहत होतो आणि ते बुडबुडे. अखेर मी दार उघडून बाहेर आलो व माझ्या हयातीत कोणत्याही पत्रात लिहिली नाही अशी भाषा मी बोललो. हे डबडे भंगारात का दिले नाही, माझी पोरगी तिकडे वाट पाहते आहे, आणि तिला मी दिसलो नाही तर या जन्मी तुमचे तोंड पाहणार नाही, असे सगळे. वरपक्षाशी! ती घागरवाली बाई दोन पावले मागे सरली.

व्याह्यांनी मान वर केली नाही. "बोलत राहा तुमी. रेडिएटरचा पंखा आपोआप दोनदा लागू द्या, मंग हवा गेली समजा."

पंखा दोनदा लागला. बुडबुडे थांबले. स्क्रू आवळला गेला. सबंध वाट तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून, हीटर तसाच चालू ठेवून, आम्ही अकोल्यात शिरलो तेव्हा चाराला दहा मिनिटे होती.

"एकालाच सोडीन," दारावरची नर्स म्हणाली. सासरचा मान पहिला, या सवयीने मी बाजूला झालो. व्याह्यांनी मला खांद्याला धरून पुढे ढकलले. "मान गेला चुलीत. जा ना, बाप हायात तुमी."

तिला स्ट्रेचरवर घेतलेच होते. माझा निथळता सदरा पाहून ती म्हणाली, "बाबा, आंघोळ करून तसेच आलात?"

"हीटर लावला होता," मी म्हणालो. ती हसली, आणि हसतच आत गेली. गाठ साधी निघाली, हे पुढे यथावकाश कळले. पण त्या घटकेला ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मी खाली आलो. व्याही जिन्याच्या पायरीवर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून.

"भेली तं नाई ना पोरगी?"

"नाही. हसत गेली."

त्यांनी हात बाहेर काढले. "मी लय भेलो होतो, इवाईबुवा," ते म्हणाले. "तुमी वरडून रायले होते, म्हनून निभलं. चूप बसले असते नं, तं माहा हात चाललाच नसता."