पप्पा, कुठे चावलंय?

“टिक टायफस वाटतोय,” पडद्याआडून बाहेर येत डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून अंगात शिरणाऱ्या जिवाणूंचा ताप. मी मान डोलावली, पण वर बघवेना.

माझे सासरे, म्हणजे पप्पा, वसईहून आमच्याकडे परदेशात, टूनगॅबीला आले होते. एका रविवारी आम्ही त्यांना समुद्राजवळच्या झाडीत फिरायला नेलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ताप भरला. मला फ्लू वाटला. मग अंगावर लाल पुरळ उठलं आणि ते मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. नवरा दूर डार्विनला कामावर, फोन लागेना. मीच त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं.

रक्त घेतलं, पण रिपोर्टला वेळ लागणार होता. चाव्याच्या जागी काळी खपली पडते, तिला एस्कार म्हणतात. ती सापडली तर बरंच स्पष्ट होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. हातपाय, पाठ, केस बघून झाले. चादर कमरेखाली सरकताच पप्पांनी ती घट्ट धरली. फोनवर मराठी दुभाषी मिळेना.

“तुम्हीच विचारा,” डॉक्टर म्हणाल्या.

इतक्या वर्षांत पप्पा आणि मी जेवणखाण आणि मुलांचा अभ्यास यापलीकडे बोललो नव्हतो. माझे कान तापले.

“पप्पा, खाली कुठे चावलंय का?”

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच पाठमोरे म्हणाले, “जांघेत. त्यांना सांग आणि तू बाहेर जा, रीना.” या वेळी हाक माझ्याच नावाने होती.

खपली तिथेच होती. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला.

घरी आल्यावर ते माझ्या नजरेला नजर देईनात. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, मी किचनमधून गेल्यावर जेवायचे. मलाही सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्याचीच लाज वाटायची.

तुमच्याकडे कुणी झाडीतून फिरून आलं तर सगळं अंग बघायला सांगा. ताप आला तर डॉक्टरांना फिरायला गेल्याचं सांगा. संकोच सोडा म्हणणार नाही, मला तो अजून सुटलेला नाही. संकोचत का होईना, विचारा.

परवा मी भाजी चिरत होते. पप्पा मागे येऊन उभे राहिले. पाठमोरे होत त्यांनी शर्ट वर केला.

“इथे हाताला काहीतरी लागतंय. बघतेस का?”

मी वाकून बघितलं. “तीळ आहे, पप्पा.”

“बरं,” म्हणाले, आणि तिथेच टेबलाशी जेवायला बसले.