जेनोवेवामावशीची कढई

जेनोवेवामावशीचं नाव निघालं की आजही माझा ऊर भरून येतो. आणि त्या दिवशी मीच तिला ‘म्हातारी खवीस’ म्हणाले होते! जीभ झडली नाही, नशीब माझं.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात कापिबारिबे नदीच्या चिखलावर, नारळाच्या ओंडक्यांवर आमच्या झोपड्यांची रांग. सगळ्यांची घाण नदीतच जायची, पण वेळ ठरवायची मावशी. भरतीचं पाणी उतरायला लागलं की ती फुटकी कढई ठणाठणा बडवायची. मग घरोघरच्या बादल्या रित्या व्हायच्या आणि ओहोटी सगळं समुद्राकडे ओढून न्यायची. त्याआधी कुणी बादली उपडी केली, तर त्याच दिवशी बोचकं उचलून चालतं व्हायचं. कारण भरतीलाच पाणीवाला फिर्मिनो गोड्या पाण्याची होडी झोपड्यांमागच्या फळ्यांखाली आणून बांधायचा. होडीच्या पोटात उघडंच पाणी. तेच आम्ही प्यायचो.

मावशीनं जन्मभर लोकांचे कपडे धुऊन, पैसे साठवून स्वतःला गुलामीतून सोडवलं होतं. रांगेतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. पण तोंडानं फटकळ! “लुझिया, राग नाकावर घेऊन फिरण्यापेक्षा जरा पाण्याकडे बघायला शीक,” म्हणायची. माझ्या अंगाची आग व्हायची.

सहा महिन्यांच्या रीताला घेऊन मी तिथं आले, त्याला तीनच आठवडे झाले होते. शहरात पटकीची साथ होती. त्या सकाळी पोर किरकिरत होती, बादलीचा वास सोसवेना. पाणी थबकलेलं दिसलं. ‘उतरलंच की! म्हातारी खवीस बडवणार कधी?’ म्हणत मी मागच्या खिडकीतून बादली ओतली.

खाली फिर्मिनोची होडी. तो बायकांना हाका मारायला वर गेला होता. निम्मी घाण पिण्याच्या पाण्यात.

कबूल करावं तर त्या साथीत पोरीला घेऊन रस्त्यावर. गप्प बसावं तर सगळी रांग ते पिणार. समोरच्या फळीवर मावशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. बायका घागरी घेऊन आल्या. मी रीताला उराशी धरून खिडकीतच उभी राहिले.

मावशीनं आपली बादली उचलली आणि सगळ्यांदेखत होडीत उपडी केली.

“अगं बये! वेड लागलं का तुला?” फिर्मिनो ओरडला.

“हात सटकला. ओतून टाक सगळं, होडी घासून आण.”

“कढईवालीचाच हात सटकतो होय? मग तुझाच नियम तुला. नीघ!”

मावशी बोचकं बांधून काठाच्या चिखलातून निघाली. कढई माझ्या दारात ठेवून गेली.

पाणी उतरायला लागलं. बादल्या घेऊन सगळे उभे, आणि कढई वाजेना. मला राहवेना. मी ती बडवली, पहिल्यांदाच, आणि रडत ओरडले, “आधीची बादली माझी होती! काढायचं तर मला काढा!”

फिर्मिनो धावला आणि मावशीला घेऊनच आला. बायकांनी माझं बोचकं बाहेर काढलंच होतं.

“ठेवा ते आत,” मावशी खेकसली. “माझे खांदे दुखतात. उद्यापासून कढई कोण बडवणार, तुमचा बाप?”

त्या साथीत पलीकडच्या रांगेतली सात माणसं गेली. आमच्यातलं एकही नाही. रीता आता स्वतः आई झालीये.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. कढई माझ्याकडेच आहे. बडवण्याआधी पाणी खरंच उतरतंय ना, हे मी अजून दोनदा बघते.