ब्रेकला चोपडलेलं ग्रीस

आमच्या मोटरसायकलचे ब्रेक मी घरी, स्वतःच्या हातांनी, फार सुरेख दुरुस्त केले होते. त्यात फक्त गाडी थांबण्याची सोय राहून गेली.

तेव्हा आम्ही पिंपरीत, संत तुकाराम नगरला राहायचो. लोक स्कूटरला नंबर लावून म्हातारे व्हायचे त्या काळात मला मोटरसायकल मिळाली होती. (तिसऱ्या हाताची का होईना!) मी एका कंपनीत तपासणी खात्यात होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालावर दिवसभर ‘ओके’चा शिक्का मारायचो. असे शिक्के काही वर्षं मारले, की सगळं काम आपल्यालाच येतं असं माणसाला वाटायला लागतं.

एका शनिवारी पुढच्या ब्रेकची वायर तुटली. आणि रविवारी सासऱ्यांना, म्हणजे तात्यांना, घेऊन दिघीला जायचं होतं! धाकट्या मेहुणीला, सुमनला, तिथला मुलगा पसंत करून गेला होता. आता तात्या त्यांचं घर बघून होकार देणार होते.

“अहो, मिस्त्रीकडे टाका गाडी,” बायको म्हणाली.

“मिस्त्रीकडे? मी कंपनीत काय भजी तळतो?”

“शिक्के मारता.”

एवढं ऐकल्यावर कुठला नवरा मिस्त्रीकडे जाईल? दारात गोणपाट अंथरलं आणि नवी वायर टाकली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ब्रेक दाबला की चाकं किंचाळायची, तेही मला खुपत होतं. म्हणून दोन्ही चाकं उघडली. आत चाकाला घासून धरणारे ब्रेकचे लायनर अगदी कोरडे ठणठणीत! मला त्यांची दया आली. बोटाने ग्रीस घेतलं आणि भाकरीला लोणी लावावं तसं सढळ हाताने चोपडलं.

सगळं जोडून मी गाडी ढकलून दाखवली. “येतोय का आवाज?”

“नाही हो!” बायको चक्क कौतुकाने म्हणाली. त्या कौतुकाची आठवण झाली, की आजही मला खाली बघावंसं वाटतं.

रविवारी तात्या चाकणकडच्या गावाहून पहिल्या गाडीने आले. धुवट धोतर, फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. ते मागे बसले. भोसरीपर्यंत गाडी थांबायला जरा आढेवेढे घेत होती. ‘नवीन काम आहे, बसायला वेळ लागतो,’ अशी मी स्वतःची समजूत घातली. मग दिघीचा उतार लागला. मी हाताचा ब्रेक दाबला. काही नाही. पायाचा दाबला. काही नाही! ग्रीस तापून पातळ झालं होतं आणि चाकं लोण्यातून फिरत होती.

समोर मुलाचं घर दिसलं. दारात सडा, रांगोळी. मुलाचे वडील नाना, मुलगा आणि दहा-बारा मंडळी हात जोडून उभी.

“पाव्हणं, हेच घर!” तात्या म्हणाले.

“हो तात्या.”

“आवं, मग थांबा की!”

मला ‘ब्रेक लागत नाही’ म्हणायची लाज वाटली. मी मंडळींना एका हाताने नमस्कार केला आणि तसाच पुढे गेलो. तात्यांनीही गोंधळून केला. जोडलेले हात आमच्यामागे हळूहळू वळत गेले.

“घर मागं ऱ्हायलं!” तात्या ओरडले.

“मघापासून थांबतोच आहे, तात्या!”

पुढे रस्ता संपत होता आणि लष्कराची हद्द सुरू होत होती. तिथे आडवा दांडा, बंदूकधारी जवान आणि नशिबाने वाळूचा ढीग. मी डोळे मिटून वाळूत घुसलो. तात्या माझ्यावरून पुढे गेले, फेटा तात्यांवरून पुढे गेला आणि पेढे लष्कराच्या हद्दीत जाऊन पडले.

“किधर जा रहे थे?” जवान गरजला.

“पीछे,” मी खरं तेच सांगितलं.

तेवढ्यात सगळी मंडळी धावत आली. जवानाने नानांना विचारलं, “इनको पहचानते हो?”

नाना प्रामाणिक माणूस. “नहीं,” ते म्हणाले. “अभी अभी घर के सामने से जाते देखा.”

शेवटी मुलाने रदबदली केली आणि आम्हाला सोडवलं. वाळूने भरलेले आम्ही दोघं रांगोळी ओलांडून आत गेलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नानांनी हळूच विचारलं, “ब्रेकला झालं काय?”

“कालच... ग्रीस लावलं होतं.”

तात्या फेटा झटकत म्हणाले, “पाव्हणं, आमी बैलगाडीच्या आखाला वंगण घालतो, व्हय. पर कासऱ्याला कुणी लोणी लावतं का वो?”

मी पोह्यांत तोंड घातलं. माझ्या शहाणपणापायी सुमनचं लग्न मोडलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. परतताना गाडी तिथेच ठेवून आम्ही बसने आलो. घरी बायकोने माझ्या केसांतली वाळू बघून पाणी तापवायला बंबात लाकडं सारली.

चार दिवसांनी नाना स्वतः आले. तात्यांचा होकार पोचला होता. लग्न पक्कं, तेही दिघीलाच! हुंडा नको, मानपान नको. फक्त एक विनंती केली: थोरल्या जावईबापूंनी लग्नाला बसने यावं.

गेलो बसने. ड्रायव्हरने दिघीच्या थांब्यावर बस अलगद उभी केली. बायको उठली, माझ्याकडे वळली आणि भर बसमध्ये म्हणाली, “बघून ठेवा. अशी थांबवतात.”